अन्वय, व्यतिरेक आणि हापशाचा दांडा

वारकरी सज्जनहो, ‘विवेक’ हा शब्द आपल्या कानांवरून जितक्या वेळा जातो तितक्या वेळा दुसऱ्या कोणाच्या क्वचितच जात असेल. कीर्तनात तो येतो, प्रवचनात येतो, हरिपाठ संपून चार माणसं बोलत बसली की तिथेही येतो. सार घ्यावे, असार टाकावे, याचे नाव विवेक. एवढे उत्तर लहान पोरही देईल. पण सार कोणते आणि असार कोणते हे ओळखायचे कसे, असे विचारले की मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. सुपात धान्य घेऊन बसलेली बाई नुसता ‘सार, असार’ असा जप करीत नाही. ती सूप एका ठराविक रीतीने हलवते, फोल उडवते आणि जे फुंकरीने उडत नाही ते खडे बोटांनी वेचते. विचारालाही अशी पाखडण्याची रीत आहे. आपल्या शास्त्रकारांनी तिला नावे देऊन ठेवली आहेत, आणि इंग्लंडातल्या एका डॉक्टरने १८५४ साली पटकीच्या साथीत ती रस्त्यावर उतरून करून दाखविली. या लेखात तो प्रसंग जरा विस्ताराने पाहावयाचा आहे.

आधी एक शंका उरकून घेऊ. कोणी म्हणेल, तपासत बसणे हे भाविकाचे काम नव्हे; एकदा तपासायला लागले की संशय आला, आणि संशय आला की भाव गेला. शंका खरी आहे, पण तिचे समाधान आपल्याच घरात आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे तिच्या हाताने नकला होत राहिल्या. नकल करणाऱ्याचा हात चुकतो, डोळा एक ओळ गाळतो, एखाद्या हौशी माणसाला आपल्या पदरची ओवीही घालावीशी वाटते. पैठणच्या नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ग्रंथाचा पाठ शुद्ध केला, आणि पुढे कोणी त्यात आपली भर घालू नये असेही बजावून ठेवले. आता विचार करा, ज्ञानेश्वरीवर नाथांचे प्रेम कमी होते म्हणून त्यांनी हा खटाटोप केला काय? प्रेम होते म्हणूनच केला. ग्रंथावरचा त्यांचा विश्वास तसूभर हलला नाही. पण ‘हाती आलेली प्रत म्हणजेच ग्रंथ’ हे त्यांनी मानले नाही. संशय आणि परीक्षा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. संशयी माणूस ओट्यावर बसून मान हलवतो. परीक्षा करणाऱ्याला उठावे लागते, चार प्रती गोळा कराव्या लागतात, अक्षर अक्षर लावावे लागते. असो.

आता रीत. आपल्या तर्कशास्त्रात दोन शब्द आहेत, अन्वय आणि व्यतिरेक. कारण असले की कार्य असते, हा अन्वय. कारण नसले की कार्यही नसते, हा व्यतिरेक. चुलीत जाळ आहे म्हणून स्वयंपाकघरात धूर आहे, हा झाला अन्वय. नदीच्या डोहात जाळ नाही आणि तिथे धूरही नाही, हा व्यतिरेक. दोन्ही जुळले तर संबंध पक्का धरावा. आपण बहुतेक सगळे पहिल्यावरच थांबतो. ‘अमक्याने ते केलं आणि त्याला गुण आला’ एवढे ऐकले की पुरे! न करणाऱ्याचे काय झाले, हे विचारायला कोणी जात नाही. मग जे हाती लागते त्याला पंडित काकतालीय न्याय म्हणतात, आणि आपली आजी म्हणते, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. आजीने शास्त्र वाचलेले नसते, पण नेम बरोबर असतो.

आता लंडन शहरात चला. सोहो नावाच्या दाट वस्तीत ब्रॉड स्ट्रीट म्हणून एक रस्ता होता. रस्त्यावर सार्वजनिक विहीर आणि तिच्यावर हापसा. त्या पाण्याची चव चांगली, म्हणून लांबचे लोकही ते मुद्दाम नेत. १८५४ सालच्या ३१ ऑगस्टच्या रात्री त्या भागात पटकीचा भडका उडाला. अडीचशे यार्डांच्या टापूत दहा दिवसांत पाचशेंहून जास्त माणसे गेली. ज्यांना जाता आले ते घरांना कुलुपे घालून निघून गेले.

पटकी कशाने होते? त्या वेळचे मोठमोठे डॉक्टर आणि सरकारी अधिकारी सांगत, दुर्गंधीने. गटारातून, उकिरड्यातून विषारी हवा उठते, ती श्वासावाटे आत जाते. हे काही अडाण्यांचे मत नव्हते. विल्यम फार नावाच्या विद्वान गृहस्थांनी लंडनचे आकडे मांडून दाखविले होते की शहराच्या सखल भागात पटकीचे मृत्यू जास्त आणि उंच भागात कमी. वाईट हवा खाली साचते, म्हणून सखल भागात रोग जास्त. हिशेब कसा चोख बसला! आकडे खरेच होते. पण सखल भागातले पुष्कळ लोक थेम्स नदीचे घाण मिसळलेले पाणीही पीत होते, हे ध्यानात घेतले गेले नाही. एकाच ठिकाणी दोन गोष्टी नांदत असल्या तर अन्वय दोघींशीही जुळतो, आणि माणूस आपल्या मनात आधीपासून असलेलीला हार घालतो. शिकलेल्या माणसाला हा धोका कमी नसतो. मला वाटते, जास्तच असतो, कारण त्याच्यापाशी आपले मत सजवायला आकडे असतात.

डॉ. जॉन स्नो हे मजुराच्या घरचे. जन्म १८१३ चा, यॉर्क शहरातला. तरुणपणी त्यांनी मांसाहार सोडला होता आणि दारूपासूनही ते दूर होते, म्हणजे माळ नसली तरी निम्मे पथ्य आपलेच. पटकी पाण्यातून पसरते, असे पुस्तक त्यांनी १८४९ मध्येच लिहिले होते. त्याला मान डोलावणारे फार थोडे. सोहोत साथ आली तेव्हा ते त्याच भागाजवळ राहत होते. ते सरळ मृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत गेले, त्या आठवड्यातली ८३ नावे उतरून घेतली आणि एकेका घराच्या दारात जाऊन उभे राहिले.

८३ पैकी ७३ मृत्यू त्याच हापशाला जवळ पडणाऱ्या घरांतले होते. राहिलेले दहा दुसऱ्या हापशांजवळचे. घाईच्या माणसाने हे दहा सोडून दिले असते, की चालायचंच, थोडं इकडे तिकडे. डॉ. स्नो मुद्दाम त्या दहांच्या मागे लागले, कारण मत मोडायचे तर ते इथेच मोडणार. पाच घरच्या माणसांनी सांगितले, ‘दुसरा हापसा जवळ आहे खरा, पण आम्ही ब्रॉड स्ट्रीटचंच पाणी आणवतो, ते बरं लागतं.’ तिघे शाळकरी मुलगे-मुली होते, आणि त्यांची शाळा त्या हापशापाशी होती. राहता राहिले दोन. मग जवळच्या ७३ जणांची चौकशी. ६१ जण ते पाणी नेहमी किंवा अधूनमधून पीत असत. सहा जणांबद्दल सांगायला कोणी उरले नव्हते. आणि सहा जण ते पाणी पीत नव्हते असे घरच्यांनी सांगितले. हे शेवटचे सहा त्यांच्या मताच्या विरुद्ध होते. तरी त्यांनी ते आपल्या पुस्तकात लिहून ठेवले, झाकले नाहीत.

येथवर झाला नुसता अन्वय. आणि अन्वयाने काम भागत नव्हते, कारण समोरचा पक्ष लगेच म्हणणार, ‘हापशाजवळचे लोक पाणी पीत असतील, पण हापशाजवळची हवाही तेच घेत होते!’ बरोबर आहे. मग करायचे काय? हवा तीच आणि पाणी वेगळे, अशी माणसे शोधायची. आणि उलट, पाणी तेच आणि हवा वेगळी, अशी माणसेही शोधायची. व्यतिरेक म्हणतात तो हा.

त्या वस्तीत गोरगरिबांचे एक अनाथगृह होते. चहूकडच्या घरांतून प्रेते निघत होती. आत ५३५ माणसे, त्यांतली पाच गेली. आजूबाजूच्या घरांच्या मानाने तिथे शंभरावर जायला हवी होती. भिंतीपलीकडची हवा काही वेगळी नव्हती. पण अनाथगृहाची स्वतःची विहीर होती, शिवाय बाहेरून नळाचे पाणी येई. ब्रॉड स्ट्रीटच्या हापशावर तिथून कोणी जात नसे.

ब्रॉड स्ट्रीटवरच बियरचा कारखाना होता. सत्तरच्या वर मजूर, आणि पटकीने एकही मेला नाही. चौकशीत कळले की मजुरांना रोज ठराविक बियर मिळे आणि ते पाणी पीतच नसत. कारखान्याची विहीरही निराळी होती. आता इथे कोणी हुशार मनुष्य टाळी वाजवून म्हणेल, ‘पाहा, दारूने माणसं वाचली!’ नव्हे हो. त्याच कारखान्याची बियर पिऊन शिवाय हापशाचे पाणी पिणारा असता तर बियरने त्याला वाचवले असते, असे यावरून कुठे निघते? ती माणसे वाचली ती काहीतरी प्यायली म्हणून नव्हे, काहीतरी प्यायली नाहीत म्हणून. हा फरक नीट पाहा. अर्ध्याअधिक गैरसमजुती याच फटीतून आत शिरतात. त्याच रस्त्यावर बंदुकीच्या टोप्यांचा एक कारखाना होता, तिथे मजुरांसाठी हापशाच्या पाण्याची दोन पिंपे कायम भरलेली असत. सुमारे दोनशे मजूर, त्यांतले अठरा गेले. हवा तीच, रस्ता तोच.

आता उलट बाजू. हॅम्पस्टेड हे गाव तिथून दूर, उंचावर, तिथली हवा चांगली. तिथे एक विधवा बाई पटकीने वारली. गावात दुसरा रोगी नाही. मुलाने सांगितले, आई पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहत असे, तिच्या तोंडात त्या पाण्याची चव बसलेली. म्हणून रोज गाडीवाल्याबरोबर एक बाटली तिच्यासाठी जात असे. ३१ ऑगस्टला भरलेली बाटली तिने घेतली आणि २ सप्टेंबरला ती गेली. पाहुणी आलेली भाची तेच पाणी पिऊन इझलिंग्टनला आपल्या घरी परतली आणि तीही गेली. तिच्या वस्तीतही त्या वेळी पटकी नव्हती. आईची आवड मुलाने मायेने पुरवली, त्याचा हा शेवट. वाचताना जीव गलबलतो. पण पाचशे मृत्यूंनी जे सिद्ध होत नव्हते ते या दोघींनी दाखवून दिले, कारण सोहोची हवा त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक मोठे काम केले, ते थोडक्यात सांगतो. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्यांचे नळ एकाच गल्लीत शेजारी शेजारी होते. एक कंपनी शहराची घाण मिसळलेले पाणी घेई, दुसरीने १८५२ पासून नदीच्या वरच्या अंगाचे पाणी घ्यायला सुरुवात केली होती. शेजार एक, हवा एक, गरीब-श्रीमंत सारखे मिसळलेले. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत पहिल्या कंपनीच्या दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू, दुसरीच्या ३७. कित्येक घरांना आपला नळ कोणत्या कंपनीचा हेच ठाऊक नव्हते, तेव्हा पाण्यातल्या मिठाची रासायनिक परीक्षा करून त्यांनी ते ओळखले. चिकाटी म्हणतात ती ही.

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी डॉ. स्नो त्या पेठेच्या पंचांपुढे गेले आणि आपली हकिगत सांगितली. दुसऱ्या दिवशी हापशाचा दांडा काढून टाकला. साथ ओसरली.

इथे कीर्तनकाराला टाळी मिळाली असती. पण टाळीपूर्वी थांबा. आपल्याकडे पूर्वी गावात पटकी आली की मरीआईचा गाडा सजवून वेशीबाहेर नेत. गाडा गेला आणि साथ गेली, असे आपले वाडवडील सांगत, आणि ते खोटे बोलत नव्हते. डोळ्यांनी पाहिलेलेच सांगत होते. पण गाडा निघे केव्हा? साथ टिपेला पोचून गावाचा धीर सुटला म्हणजे. टिपेनंतर साथ बहुधा आपोआपच उतरते. म्हणजे गाडा काढला काय आणि न काढला काय, पुढच्या आठवड्यात मृत्यू कमीच व्हायचे. आता हाच न्याय दांड्याला लावा. लावायलाच हवा, आपल्या आवडत्या गोष्टीला सूट देऊन चालणार नाही. दांडा निघाला तेव्हा सोहोतली साथ आधीच उतरणीला लागली होती, पुष्कळ लोक पळून गेले होते. डॉ. स्नोंनी स्वतःच लिहून ठेवले आहे की दांडा काढल्यामुळेच साथ थांबली असे ठरवता येत नाही. म्हणजे ‘दांडा काढला आणि साथ गेली’ हे वाक्य प्रमाण म्हणून गाड्याच्या वाक्याइतकेच लंगडे. पाणी दोषी ठरते ते अनाथगृह, बियरचा कारखाना, हॅम्पस्टेडची बाई आणि दोन कंपन्यांचे नळ यांच्यामुळे. गाड्याच्या बाजूने असा एकही व्यतिरेक कोणी गोळा केलेला नाही: गाडा न काढलेल्या गावांत साथ किती दिवस टिकली, हे कोणी जाऊन विचारले नाही.

या कथेतला मला सर्वांत आवडणारा मनुष्य मात्र डॉक्टर नव्हे. तो एक धर्मोपदेशक आहे. हेन्री व्हाइटहेड, वय एकोणतीस, त्याच वस्तीतल्या देवळाचे पाद्री. घरोघरच्या मरणोन्मुख माणसांच्या उशाशी ते बसले होते. डॉ. स्नोंचे म्हणणे कानावर आले तेव्हा त्यांना ते साफ चुकीचे वाटले. ते पाणी पिऊन बरी झालेली माणसे त्यांनी स्वतः पाहिली होती. तेव्हा त्यांनी ठरविले, आपण चौकशी करून हे मत खोडून काढू. वस्ती ओळखीची, दारे उघडी. एकेका घरी ते चार चार, पाच पाच वेळा गेले. आणि डॉ. स्नोंनी फारशी न केलेली एक गोष्ट त्यांनी केली: मेलेल्यांबद्दल तर विचारलेच, पण जगलेल्यांनाही विचारले.

त्यांच्या हिशेबाची चार घरे काठीने जमिनीवर काढावी तशी मनाशी मांडा. ब्रॉड स्ट्रीटवर राहणाऱ्यांपैकी हापशाचे पाणी प्यालेले १३७. त्यांतले ८० आजारी पडले, ५७ धड राहिले. न प्यालेले २९७. त्यांतले २० आजारी पडले, २७७ धड राहिले. म्हणजे पिणाऱ्यांत शंभरामागे ५८ आणि न पिणाऱ्यांत शंभरामागे ७ देखील नाहीत. आता ‘मी ते पाणी प्यायलो, मला काही झालं नाही’ असे म्हणणारे त्या रस्त्यावर ५७ जण होते, आणि प्रत्येक जण शपथेवर खरे बोलत होता. ‘आमचा माणूस ते पाणी पीत नव्हता तरी त्याला लागण झाली’ असे म्हणणारी घरेही होती, तीही खरी. पहिल्या सत्तावन्नांत जो जाऊन बसेल त्याला पाणी निर्दोष वाटणार. चारी घरे एकदम पाहिल्याशिवाय निवाडा होत नाही. व्हाइटहेड खोडायला निघाले होते. चारी घरे भरल्यावर त्यांनी आपले मत बदलले आणि तसे लिहून प्रसिद्ध केले.

पुढे त्यांनाच मूळ सापडले. विहिरीला लागून असलेल्या घरात एक तान्हे मूल २८ ऑगस्टला आजारी पडले होते. आईने त्याची दुपटी धुतलेले पाणी घरापुढच्या मैल्याच्या खड्ड्यात ओतले. खणून पाहिले तेव्हा त्या खड्ड्याचे विटकाम कुजलेले निघाले, आणि विहीर तिथून तीन फुटांच्याही आत. आणखी एक गोष्ट निघाली. त्याच मुलाचा बाप ८ सप्टेंबरला, म्हणजे दांडा निघाला त्याच दिवशी, आजारी पडला आणि पुढे वारला. दांडा जागेवर असता तर कदाचित दुसरा भडका उडाला असता.

पंचांना त्या दिवशी यातले काही माहीत नव्हते. त्यांची पुरती खातरीही पटलेली नव्हती. मग त्यांनी दांडा का काढला? निर्णय घेणाराने हे नीट समजून घ्यावे. चूक दोन्हीकडून होणे शक्य होते. पाणी निर्दोष असून दांडा काढला, तर लोकांना दोन गल्ल्या चालून दुसऱ्या हापशावर जावे लागणार. आणि चूक कळली की दांडा परत बसवता येणार. पाणी दोषी असून दांडा ठेवला, तर माणसे मरणार, आणि ती परत बसवता येत नाहीत. पुरावा अर्धा असला तरी या दोन चुकांची किंमत सारखी नव्हती. म्हणून तो निर्णय चांगला. पुढे बापाची गोष्ट निघाली म्हणून तो चांगला ठरला असे नव्हे. फासा चांगला पडला म्हणून जुगार शहाणपणाचा होत नाही.

मान्यता मात्र लगेच मिळाली नाही. सरकारी आरोग्य मंडळाच्या समितीने १८५५ मध्ये पाण्याचे कारण मानले नाही. डॉ. स्नो १८५८ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी वारले. रॉबर्ट कॉख यांनी इजिप्तमध्ये आणि नंतर कलकत्त्याला येऊन पटकीचा जंतू ओळखला तो १८८३-८४ मध्ये. जंतूची अशी ओळख पटण्याच्या तीस वर्षे आधी नुसत्या चौकशीने विहीर सापडली होती, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आता आपल्या दिंडीत या. पालखी सासवड, जेजुरी, वाल्हे करीत लोणंदला पोचलेली आहे असे धरा. रात्री दिंडीतली बारा-पंधरा माणसे जुलाबाने बेजार झाली. तंबूत लगेच निकाल सुरू होतात. एक म्हणतो, ऊन बाधलं. दुसरा म्हणतो, आमटी आंबलेली होती, मला तेव्हाच वास आला होता. तिसरा म्हणतो, कालच्या गावचं पाणीच तसलं. जो मोठ्याने बोलतो त्याचे खरे ठरते, आणि उद्या बिचाऱ्या आचाऱ्याला कोणी तोंड दाखवू देत नाही. दिंडीप्रमुखाने अशा वेळी काय करावे? आजाऱ्यांची व्यवस्था आणि डॉक्टर हे आधी. ते झाले की चार घरे मांडावी. आमटी खाल्लेले किती, त्यांत आजारी किती? आमटी न खाल्लेलेही दिंडीत असतात: कोणाचा उपवास, कोणाला तिखट चालत नाही, कोणी ओळखीच्या घरी जेवून आलेला. त्यांत आजारी किती? मग पाण्याचे तसेच. ट्रकबरोबर पुढे गेलेल्या मंडळींनी वाटेतल्या टाकीचे पाणी घेतलेलेच नसते; त्यांनी आमटी मात्र सगळ्यांबरोबर खाल्लेली असते. ट्रकची मंडळी सगळी धड आणि चालणारी पडली, तर आमटी बहुधा सुटली. आचाऱ्याला दोष द्यायच्या आधी एवढे विचारायला अर्धा तास पुरतो. विचारतानाही रीत आहे. ‘मावशी, तुम्हालाही त्या आमटीनंच झालं ना?’ असे विचारले की मावशी हो म्हणणार. ‘मावशी, काल दुपारपासून काय काय खाल्लंत, पाणी कुठं प्यायलात?’ असे विचारावे आणि त्या सांगतील ते मध्ये न बोलता ऐकावे. आणि चौकशी पुरी होईपर्यंत? आमटी टाकून द्यावी, टाकीचे पाणी बंद करावे, उकळलेले प्यावे. एका पातेल्याचे आणि थोड्या सरपणाचे नुकसान; दांड्याचाच हिशेब.

दुसरे उदाहरण जास्त नाजूक आहे. हल्ली मोबाइलवर आणि मुक्कामाच्या ठिकाणीही मधुमेहाच्या पुड्या, काढे यांच्या गोष्टी फार फिरतात. ‘आमच्या गावच्या अमक्याने घेतला, साखर उतरली, गोळ्या सुटल्या.’ सांगणारा खोटारडा असतो असे नाही. पण ते एकच घर झाले: घेतला आणि बरे वाटले. घेतला आणि बरे वाटले नाही असे किती, ते आपल्याला सांगायला येत नाहीत. न घेता साखर उतरलेले किती? रोज दहा-पंधरा मैल चालणाऱ्या माणसाची साखर चालण्यानेच उतरते. वारीत घेतलेल्या पुडीला तो मान फुकट मिळतो. शिवाय तो ‘अमका’ गोळ्या सोडून आज वर्षाने कसा आहे, हे कोणी पाहून आले काय? आणि चुकांची किंमत लावा. गोळी चालू ठेवली आणि काढा खरा गुणाचा असला, तर चार पैसे जास्त गेले. गोळी किंवा इन्सुलिन सोडले आणि काढा पोकळ निघाला, तर पाय जातो, डोळा जातो, कधी जीवही जातो. इथे मागे फिरायला वाट नाही. ज्याला काढ्याची परीक्षाच पाहायची असेल त्याने गोळी न सोडता, डॉक्टरांना सांगून, रक्ताची तपासणी करीत पाहावी.

दामदुपटीच्या योजनांचेही थोडेबहुत हेच. पहिल्या चौघांना पैसे मिळालेले दाखवतात, ते खरेच मिळालेले असतात, आणि शेवटच्या चाळिसांना गाठायला कोणी जात नाही.

व्हाइटहेडांजवळ यंत्र नव्हते, शास्त्राची पदवी नव्हती. एक वही, ओळखीची दारे आणि पुन्हा पुन्हा जाण्याची तयारी एवढेच होते. आपल्या प्रत्येक दिंडीत भिशीच्या हिशेबाची वही असतेच. तिची मागची दोन पाने कोरी ठेवावी. कोणत्या मुक्कामी पाणी कुठून भरले, जेवणात काय होते, कोण आजारी पडले आणि कोण पडले नाही, एवढे रोज रात्री हरिपाठानंतर कोणीतरी लिहावे. तरुणांपैकी एखाद्याला हे काम द्यावे. त्यांना मोबाइलवर लिहायची सवय असते, पण वही पावसात भिजली तरी वाळवता येते.